ओलं वजन

कुसुमाच्या खोडावर पालिकेची नोटीस लागली तेव्हा ऐश्वर्या राऊळ त्याच झाडाखाली पाला वेचत होती. नोटीस लावायला आलेला माणूस सुतळी आवळत म्हणाला, "मॅडम, आता दुसरं झाड बघा." त्याला गंमत करायची होती. तो गेल्यावर तिने नोटीस वाचली. सोसायटीच्या मागच्या हद्दीतली चार कुसुमं आणि एक बेहडा तोडायची परवानगी सोसायटीनेच मागितली होती. कारणं अशी: झाडांमुळे होणारा कचरा, तुंबणारी गटारं, पार्किंगची गरज. हरकत असल्यास सात दिवसांत कळवा.

घोडबंदर रोडपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी सोसायटीचे तीन टॉवर आहेत. मागच्या भिंतीपलीकडे येऊरचं जंगल सुरू होतं. भिंतीच्या अलीकडे त्याच जंगलाची एक पट्टी राहून गेली होती. उतारामुळे बिल्डरला ती वापरता आली नव्हती. त्या पट्टीत ऐश्वर्याची पीएच.डी. चालू होती.

जंगलातलं झाड वर्षभरात काय काय खाली टाकतं आणि कधी, हा तिचा विषय. लाकडी चौकटीला मच्छरदाणीचं कापड शिवून केलेली झोळी झाडाखाली कमरेएवढ्या उंचीवर बांधायची. दर पंधरा दिवसांनी ती रिकामी करायची. पानं, काटक्या, फुलं, फळं वेगळी काढायची, कॉलेजच्या भट्टीत वाळवायची आणि मग वजन करायचं. वाळवल्याशिवाय वजनाला अर्थ नाही, कारण ओल्या पानाचं वजन म्हणजे बरंचसं पाण्याचं वजन.

कुसुमाची पानं फेब्रुवारीत गळतात. मार्चमध्ये पालवी येते ती इतकी लाल, की रस्त्यावरून बघणारे तिला फुलं समजतात. फळ पिकून पडतं ते जूनमध्ये. गेल्या वर्षी या झाडांनी फळ जवळपास धरलंच नव्हतं. जंगली झाडं असं करतात, एखादं वर्ष सोडून देतात. या वर्षी मात्र फांद्या हिरव्या घोसांनी वाकल्या होत्या. ऐश्वर्याकडे दोन वर्षांची पानगळ जमली होती, फळांचा हंगाम एकही नव्हता. तिला जून हवा होता. आत्ता मे चालू होता.

झोळ्या तिच्या वडिलांनी शिवल्या होत्या. गुणाजी राऊळ मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर त्यांनी कल्याणच्या मार्केटमध्ये धान्याच्या गाळ्यावर बरीच वर्षं काटा सांभाळला. थोरल्या मुलाने घोडबंदरला फ्लॅट घेतला तेव्हा ते, बायको कलावती आणि ऐश्वर्या इथे राहायला आले. पाला गोळा झाला की तिथेच एकदा काट्याला लावायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. पहिल्या दिवशी झोळीतला मूठभर पाला हातात घेऊन ते म्हणाले होते, "आमच्याकडे ह्याला पातेरा म्हणतात गो. बायका रानातून भारे आणतात. गुरांखाली घालायचा, भाजावळीला, भाताच्या रोपाची जमीन भाजायला घालायचा, आंब्याच्या मुळात घालायचा. वाया म्हणून काय जात नाय." ऐश्वर्याने पिशव्यांच्या चिठ्ठ्यांवर तोच शब्द लिहायला सुरुवात केली. गाइड मॅडम हसल्या, पण शब्द राहिला.

हरकत तिने त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लिहायला घेतली. गुणाजी समोर बसून चहा पीत होते.

"बाबा, तुम्ही कमिटीत आहात. तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"मी गार्डन कमिटीत. हे मेन कमिटीचं काम. आमका कोण विचारता?"

"मग आता मीच विचारते. खाली तुमचीही सही घेऊ?"

गुणाजींनी कप खाली ठेवला. "माझी नको. एका घरातल्या दोन सह्या बऱ्या नाय दिसत. तू लिही ना. चांगलं लिहितेस तू."

कलावती कणीक मळत होती. "काल त्या सर्वेशबरोबर एवढा वेळ लिफ्टपाशी उभे होतात. सेक्रेटरी ना तो? तेव्हा नाही का बोलला?"

"क्रिकेटचं बोलत होतो."

"तुम्ही? क्रिकेट?" कलावतीला हसू आवरेना. "अगं ऐशू, ह्यांना विचार एका ओव्हरचे बॉल किती."

ऐश्वर्याही हसली आणि पुढे लिहू लागली. झाडं तोडू नयेत असं तिने लिहिलंच, पण ते कोणी ऐकेल याची तिला फारशी आशा नव्हती. म्हणून शेवटी एक वेगळी विनंती घातली: तोडायचीच झाली तर निदान फळं पिकून पडेपर्यंत, जूनअखेरपर्यंत थांबावं. गुणाजींनी कागद हातात घेऊन सगळं वाचलं, "बरोबर आहे," म्हणाले आणि एक राहिलेला अनुस्वार दाखवून दिला.

पाहणीला उद्यान विभागाचे अधिकारी पुढच्याच आठवड्यात आले. झाडांखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कमिटीचे चारपाच जण होते आणि त्यांच्यामध्ये गुणाजी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ऐश्वर्या समोर एकटी उभी होती. घरून निघताना गुणाजी म्हणाले होते, "तू हो पुढे, मी आलोच."

अधिकाऱ्यांनी वर बघितलं. "आंबे नाहीत ना ह्याला? मग भांडण कशाला करताय?"

सगळे हसले. सेक्रेटरी सर्वेश चाळिशीचा, आयटी कंपनीत मॅनेजर. त्याने मोबाइल काढला. "सर, आम्ही मोघम बोलत नाही. सायंटिफिक डेटा आहे आपल्याकडे. ह्या पाच झाडांचा वर्षाचा कचरा एक टनाच्या वर जातो. सगळ्यात जास्त जुलैमध्ये, म्हणजे नेमका गटारं तुंबायच्या वेळी. आणि फळ म्हणाल तर गेल्या वर्षी शून्य. म्हणजे पक्ष्यांनाही ह्यांचा उपयोग नाही."

त्याने महिनावार आकडे वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच आकड्याला ऐश्वर्याने ते ओळखले. तिच्याच झोळ्यांचे होते, संपूर्ण झाडाच्या विस्ताराला गुणून काढलेले. पण भट्टीत घालण्याआधीचे. पावसात भिजून निथळणाऱ्या पाल्याचे. प्रबंधात ते कुठेही नव्हते.

"हे तुम्हाला कुणी दिले?"

"तुमच्या घरातूनच आलेत, ऐश्वर्या," सर्वेश मोकळेपणाने म्हणाला. "काकांनी. आम्ही तर अंदाजाने लिहिणार होतो. काकांनी मीटिंगमध्ये उभं राहून सगळं समजावलेलं. काय प्रेझेंटेशन होतं! आमचे ऑफिसचे लोक लाजतील."

कमिटीतल्या दोघांनी माना डोलावल्या. गुणाजी वर फांद्यांकडे बघत होते.

"हे ओले आकडे आहेत, बाबा."

"खोटे नाहीत ना पण?"

"तुम्हीच सांगायचात, मार्केटमध्ये ज्वारीवर पाणी मारून पोतं काट्यावर टाकतात म्हणून. शिव्या घालायचात त्यांना."

"वजन ते वजन," गुणाजी म्हणाले.

"ओलं असो की सुकं, उचलावं तर लागतंच ना?" अधिकारी मध्ये पडले. बापलेकीचं वाढू नये असं त्यांना वाटलं असावं. ते गुणाजींकडे वळले. "काका, तुम्ही कोकणातले दिसता. तिकडे एवढी झाडं, एवढा पाला. काय म्हणता तुम्ही लोक ह्याला?"

गुणाजींनी आधी सर्वेशकडे बघितलं.

"इथे कचराच म्हणायचं साहेब," ते म्हणाले.

सर्वेशने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ऐश्वर्या एक पाऊल पुढे आली.

"ठीक आहे. तोडा. फक्त जून संपेपर्यंत थांबा. वर बघा, फळ धरलंय. महिना-दीड महिना. मला दुसरं काही नको."

अधिकाऱ्यांनी पुन्हा वर बघितलं. आता त्यांना घोस दिसले. "सोसायटीची हरकत नसेल तर मी तशी अट घालू शकतो. काय हो? कमिटीचं काय म्हणणं?"

सर्वेश मोबाइल खिशात ठेवू लागला. "बाबा, तुम्ही सांगा," ऐश्वर्या म्हणाली. "कमिटीतर्फे. तुमचं ऐकतील ते."

गुणाजींनी रुमालाने मान पुसली. "कसं जमणार? कॉन्ट्रॅक्टर पंचवीस तारखेचा बांधलाय."

"परवानगीच्या आधी?" अधिकाऱ्यांचा आवाज चढला.

"टेंटेटिव्ह, सर, टेंटेटिव्ह," सर्वेश घाईने म्हणाला. "पावसाआधी झालं तर सगळ्यांनाच सोयीचं."

अधिकारी थोडे रागावले, मग त्यांनी फाइल काखेत घातली. परवानगी त्याच आठवड्यात आली. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपं लावायची अट होती. जूनची नव्हती.

पाहणीच्या दिवशी दुपारी घरात कुणी जेवायला बसलं नाही. ताटं वाढून ठेवलेली होती.

"पहिल्यांदा कधी विचारलं त्यांनी?" ऐश्वर्या म्हणाली.

"कोणी?"

"बाबा, उगाच विचारू नका."

"दिवाळीत." गुणाजी खिडकीपाशी उभे होते. "मी काय मागे लागलेलो नाय गो. सर्वेश म्हणाला, काका, तुम्ही सारखं काय मोजत असता? मी सांगितलं. तर म्हणाला, मीटिंगला या, सगळ्यांना सांगा. आल्यापासून त्या हॉलमध्ये मी मागच्या खुर्चीवर बसलेलो. एकाने वॉचमन समजून पार्सल दिलेलं माझ्या हातात. माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सगळे गप्प. सगळे माझं ऐकत होते."

"ऐकायला घरात मी होते की," कलावती म्हणाली.

"तुझं वेगळं."

"हो, माझं वेगळंच."

ऐश्वर्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. दिवाळीनंतर गुणाजींनी वेळ बदलायला लावली होती. नऊला नको, ऊन लागायच्या आत जाऊ. दव असलं की पाला चुरत नाही, पानं अख्खी मिळतात. तिला ते इतकं पटलं होतं, की तिने गाइड मॅडमना सांगितलं होतं आणि वडिलांची सूचना म्हणून कौतुकही करून घेतलं होतं. हिवाळाभर आणि फेब्रुवारीच्या पानगळीत ती दोघं पहाटे थर्मास घेऊन खाली उतरली. काटा फांदीला अडकवून ते आकडा मोठ्याने वाचायचे, ती पिशवीचं तोंड बांधायची. शीळकरी कस्तुर पक्षी ओरडायला लागला की ते तिला बोटाने गप्प करायचे आणि दोघं ऐकत उभी राहायची. ते दिवस तिला चांगले गेले होते.

"दवाची गोष्ट खरी होती?" तिने विचारलं.

"दवात पाला चुरत नाय. खरंच नाय चुरत."

"आणि वजन?"

गुणाजींनी खिडकी लावून घेतली. दवाने काटा कसा चढतो हे त्यांना शिकवायची कुणाला गरज नव्हती.

पंचविसाला सकाळी ऐश्वर्या झोळ्या सोडवायला गेली. गुणाजी नेहमीसारखे रिकाम्या पिशव्या घेऊन दारात उभे राहिले.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. पिशव्या तिने त्यांच्या हातातून काढून घेतल्या.

तरी ते मागोमाग खाली आले आणि कमिटीच्या लोकांपासून थोडे बाजूला थांबले. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी आधी दोर बांधले, मग करवत सुरू केली. पहिलं कुसुम भिंतीच्या बाजूला कललं आणि फारसा आवाज न करता फांद्यांवर टेकलं. घोस तुटून उतारभर पसरले. फळं हिरवी होती, कडक, बोराएवढी. भिंतीवर बसलेली माकडं पळाली, मग त्यातली दोन परत येऊन बसली.

गुणाजींनी वाकून एक भरलेला घोस उचलला. तो घेऊन ते तिच्यापाशी आले.

"घे. फळं हवी होती ना तुला? बघ किती आहेत. पिशव्या भर."

"ही पडलेली नाहीत बाबा. पाडलेली आहेत. ही मला हिशोबात धरता येत नाहीत."

"अगं, वाळवून घे." त्यांनी आवाज खाली आणला. त्यांना खरंच तिची मदत करायची होती. "वाळवल्यावर कोणाला कळणार पडलेलं कुठलं आणि पाडलेलं कुठलं? तुझं काम पुरं होईल."

ऐश्वर्याने त्यांच्याकडे बघितलं. आपण काही गैर बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

"ओ काका, मागे या! फांदी येतेय तिकडे!" सर्वेशने हाक मारली. "इथे बसा, खुर्ची आणलीय तुम्हाला."

"आलो, आलो," गुणाजी म्हणाले. जाता जाता त्यांनी तो घोस तिच्या उघड्या पिशवीत टाकला.

ऐश्वर्याने पिशवी उलटी करून झटकली, घडी घातली आणि ती पुढच्या झाडाखालची झोळी सोडवायला गेली.