गुळाचा खडा

१९८४ साली जयपूरच्या एका इस्पितळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही एका कुत्र्याचं यकृत काढून दुसऱ्याला बसवत होतो. बर्फात ठेवलेल्या यकृताला पुन्हा रक्त मिळालं की ते होरपळतं. देणाऱ्या कुत्र्याला आधीच औषध दिलं तर ही इजा टळते, असं डॉ. वसंतरावांचं म्हणणं. औषधवाली यकृतं तगत, बिनऔषधाची निकामी होत. तरी दर निकामी यकृतामागे वसंतराव सगळ्यांसमोर मला म्हणत, "चारुलताबाई, हे तुमचे टाके! घरी गोधड्या शिवा." पुढच्या महिन्यापासून ते मला ऑपरेशनच्या टेबलावरून काढणार होते. परमुलखात एक मराठी साहेब मिळाला, तोही असा विंचू!

औषध ते स्वतःच्याच हातानं देत, दुसऱ्यावर भरवसा नाही. एकदा मी मागून पाहिलं. गोळी गुळाच्या खड्यात दडवलेली, वर वाटीभर गूळपाणी.

"सर, देणारी कुत्री उपाशी ठेवायची ना?"

"कडू औषध कोरड्या तोंडी देतात का? आईनं एवढंही शिकवलं नाही?"

"मग बिनऔषधाच्यालाही गूळ द्या."

"त्याला औषध नाही, तर गूळ कशाला? डोकं ठिकाणावर आहे का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उपाशी यकृतात साखरेचा साठाच उरत नाही, ते तगणार कसं? गुणाचे धनी वसंतराव, आणि उपासाचं खापर माझ्या टाक्यांवर!

पुढच्या बिनऔषधाच्या कुत्र्याला मीच गूळपाणी पाजलं. टाके नेहमीसारखेच घातले. दोन दिवसांनी त्याचं यकृत मिळालेला कुत्रा उठून भुंकू लागला. एका कुत्र्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण विभागप्रमुख माथुरसाहेब पाहायला आले, आणि जगलाय म्हणजे औषधवाल्या यकृताचाच, असं धरून वसंतराव फुगले. "देखिए सर, दवा का कमाल!"

"सर, इसमें दवा दी ही नहीं," मी म्हटलं. "सिर्फ गुड़ दिया था."

वसंतराव लालबुंद झाले.

"दवा नहीं दी, तो बचा कैसे?" माथुरसाहेबांनी त्यांनाच विचारलं.

गूळ म्हणावं तर त्यांचं सगळं औषध पाण्यात जाणार. ते दात आवळून म्हणाले, "टाँके... इनके टाँके अच्छे हैं."

माझं टेबल वाचलं. वर्षभरात त्यांनी माझं एकदाच कौतुक केलं, तेही गूळ लपवायला.