टीव्हीतलं मयत

लालीबाईची सून बबिता, तिला पहिली पोरगी झाली, ते २०२४ साल. त्याच उन्हाळ्यात धावजी सजा भोगून फुलसावंगीजवळच्या तांड्यात परतला आणि त्याच आठवड्यात लालीबाईनं कानातलं मोडून मोठा टीव्ही घेतला.

"म्हातारीले सिनेमाचा नाद लागला," म्हणून तांडा हसला. लालीबाईला सिनेमाशी काही घेणं नव्हतं. तिला धाकटा लेक संजय संध्याकाळी घरात बसलेला पाहिजे होता.

थोरल्या राजकुमारला धावजीनं होळीत मारलं होतं. गाणी म्हणता म्हणता टोमणे निघाले, टोमण्यावरून आयमायवर गेले आणि धावजीनं उभ्या बैलगाडीची उभारी, कडेचा उभा दांडा, उपसून राजकुमारच्या डोक्यात घातली. तो पडला तरी घालतच राहिला. लालीबाई पोचली तेव्हा लेकाचा एक डोळा जागेवर नव्हता. उरलेला तिनं मिटवला. चितेसमोर संजय म्हणाला होता, "तो सुटून आला का मी त्याले तोडतो."

धावजीचं दार समोरच. त्याची आई हंसाबाई आणि लालीबाई एकाच साली लग्न होऊन या तांड्यात आलेल्या. तांड्यातल्या बायका मयताला एकट्या रडत नाहीत. एकीनं दुसरीच्या गळ्यात पडून सुरात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, दुसरीनं तो सूर उचलायचा. सूर कानावर आला का हातचं टाकून जायचं, मग घराघरांत वैर का असेना. राजकुमार गेला तेव्हा लालीबाईनं सूर काढलाच नाही. काढला असता तर हंसाबाईला यावं लागलं असतं, आणि तिचा गळा धरायला लालीबाईचे हात तयार नव्हते. रडणं तसंच पोटात राहिलं.

संजयला पोलिसांची मालिका आवडायची. रोज एक खून, रोज एक रडकं घर.

"एवढं लाल रगत नसते," लालीबाई म्हणायची. "काळं पडते ते. अन् माश्या कुठं आहेत?"

"याडी, टीव्हीवाले माश्या कायले पाळतील?" संजयची बायको बबिता पोरीला पाजता पाजता हसायची; सासूला ती आईसारखं याडीच म्हणायची.

"मंग खोटं आहे समदं."

दम्यानं खाटेला खिळलेला लालीबाईचा नवरा नेमसिंग तिकडून खोकायचा. "पाहू दे ना वो लाली. तू तं पोलिसायच्याई पुढं पळून राह्यली."

पण लालीबाईचा डोळा टीव्हीवर नसायचाच. पडद्यावर कोणी कोणाला मारलं का संजयची मूठ मांडीवर आवळायची. ती मूठ सुटेपर्यंत लालीबाई तिकडंच पाहायची. घरातली कुऱ्हाड तिनं ज्वारीच्या कोठीत खोल पुरून ठेवली होती.

दसरा आला तशी नेमसिंगनं आठवण काढली. "कुऱ्हाड काढ. दसऱ्याले लोखंड उपाशी ठेवत नसतात."

"विळा आहे, पहार आहे. तेवढं पुरे."

"अन् कुऱ्हाड काय सवतीची आहे?"

आदल्या दिवशी तिनं कुऱ्हाड काढली, धुतली, हळदकुंकू लावून विळ्याजवळ भिंतीला टेकवली. संध्याकाळी मालिका लागली तेव्हा ती मुद्दाम कुऱ्हाड आणि संजय यांच्यामध्ये बसली.

त्या दिवशी मालिकेतल्या एका आईला दवाखान्यात बोलावलं. चादर सरकवली, लेकाचं ठेचलेलं तोंड दाखवलं. बाई रडली नाही. वाकून तिनं त्याच्या सदऱ्याची तुटायला आलेली गुंडी तेवढी नीट लावली. मग घरी जाऊन दोरीवरचे त्याचे कपडे काढले आणि घडी घालत बसली.

"रड ना वो बाई," लालीबाई म्हणाली.

बाई घडी घालत राहिली.

"कोणी नाही का वो तुले? एखादी शेजारीण तरी?"

लालीबाई कधी उठली, तिचं तिला कळलं नाही. पुढं जाऊन तिनं दोन्ही हात टीव्हीच्या गळ्यात टाकले आणि सूर काढला. "हीयाऽऽ, माह्या वाघा रेऽऽ!" इतक्या वर्षांचा सूर तो, पत्रे वाजले, पोरगी दचकून रडायला लागली.

"याडी, नाटक आहे ते!" बबिता ओरडली.

समोरच्या घरात हंसाबाई भाकरी थापत होती. सूर लालीचा आहे, म्हणजे नेमसिंग गेला, असं ती समजली. पिठाच्या हातांनी ती धावत आली. मयताच्या दारात गड्यानं उभं राहायची रीत, म्हणून तिच्यामागं धावजीही आला आणि अंगणात मान खाली घालून उभा राहिला.

हंसाबाईनं लालीबाईला टीव्हीपासून ओढून गळ्याशी धरलं. लालीबाईचे हात विचार न करता तिच्या गळ्यात पडले.

"दादा रेऽऽ, नेमसिंग दादाऽऽ..."

"अवो, मी जित्ता आहो!" खाटेवरून नेमसिंग खेकसला.

बबिताला हसू फुटलं. हसता हसता तिनं भिंतीकडं पाहिलं. तिथं विळा होता, पहार होती.

"काका गेले काय रे?" अंगणात धावजीनं विचारलं.

पहिला घाव त्यानं हातावर झेलला. बोटं तुळशीजवळ पडली. दुसरा मानेत बसला. तो गुडघ्यावर आला, आडवा झाला, तरी संजय घालतच राहिला, जसं राजकुमारला घातलं होतं तसंच. रक्त उंबऱ्यापर्यंत आलं. लालभडक होतं, टीव्हीतल्यासारखं.

हंसाबाईची पाठ दाराकडं होती. लालीबाईला तिच्या खांद्यावरून सगळं दिसत होतं. ओरडायला तोंड उघडलं तर त्यातून सूरच निघाला. हंसाबाईनं मागं वळून पाहू नये म्हणून तिनं तिचा गळा आणखी आवळला आणि सुरातलं नाव बदललं.

"धावजी रेऽऽ, माह्या हंसाच्या वाघा रेऽऽ..."

सूर उचलायची जन्माची सवय. हंसाबाईनं तो उचलला, अर्धा म्हटला आणि मग तिला कळलं.

संजयला पोलीस घेऊन गेले तेव्हा रक्त काळं पडलं होतं. नेमसिंग पुढं अख्खा हिवाळा जगला. धावजी मेला, शुक्रवारी, ११ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, लालीबाईच्या अंगणात.