ती कुपी निघते तेव्हा

मावशी आमच्याच वॉर्डात आयुष्यभर फरशा पुसून रिटायर झाल्या आणि पाय सुजला म्हणून आमच्याच खाटेवर येऊन पडल्या. पडल्या पडल्याही हुकूम चालूच! "अगं सिस्टर, त्या कोपऱ्यात बघ. पुसलंय की नुसतं पाणी फिरवलंय?"

मी सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू करून वळले, तोच त्या म्हणाल्या, "तळहात खाजतायत गं." मग आवाज घोगरा झाला आणि बघता बघता ओठ सुजले. औषध बंद केलं, खाट सपाट केली, पायांखाली उशी सारली. डॉक्टर वरच्या मजल्यावर होते, त्यांना निरोप धाडला.

सोबतची सिस्टर नेहमीचं खाजेचं इंजेक्शन घेऊन धावत आली. "आधी हे देऊन बघू ना?"

"बघू काय? घसा बंद होतोय त्यांचा! अ‍ॅड्रेनलिन काढ!"

ती जागीच थिजली. आमच्याकडे ती कुपी निघायची ती हृदय बंद पडल्यावरच. औषधाची अशी रिअ‍ॅक्शन आली तर, डॉक्टर नसले तरी लगेच मांडीत द्या, असा नियम भिंतीवर लावलेला आहे. भिंतीवर छान दिसतो मेला.

मीच कुपी फोडून औषध भरलं. मावशींनी ती ओळखली. अशा रिकाम्या कुप्या त्यांनीच कितीदा उचलल्या होत्या, आणि मग पेशंटच्या तोंडावर चादर ओढली होती. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "ते नको... मी मेले नाही गं अजून..."

"मावशी, हात सोडा!"

सोडेनात. श्वास शिट्टीसारखा वाजत होता, नखं निळी पडली होती. त्या दगावल्या तर सगळे म्हणणार, हिनेच मारलं. शेवटी सिस्टरने त्यांचे हात दाबून धरले. आपल्याच माणसाला असं दाबून धरायचं! मी गाऊनवरूनच मांडीत सुई खुपसली.

काहीच फरक नाही. दुसरं इंजेक्शन भरून मी तशीच उभी राहिले. देवा, हे द्यायची वेळ आणू नकोस. मग ती शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. डॉक्टर धापा टाकत पोहोचले तेव्हा मावशींचा श्वास मोकळा झाला होता.

त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "हे जिवंत माणसाला देतात?"

"हो मावशी. वेळेवर दिलं की माणूस वाचतं."

मला वाटलं, हसतील.

"मग खिडकीजवळच्या खाटेवर गेली, त्या बाळंतिणीला का नाही दिलं गं? तिचेही ओठ असेच सुजले होते."

मी मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला.