यल्लाप्पा अजून बसलाय

“ह्यावर तुमचा इस्वास बसणार न्हाय, वैनी. लिहून देतो, बसणारच न्हाय,” कट्ट्यावर टेकता टेकता भरमूनं ठोकून दिलं.

“तुझ्या कशावर बसलाय आजवर?” आतून सुलाबाईचा आवाज आला. “कणकुंबीच्या रानातनं गव्याच्या पाठीवर बसून आलतास, तवापासनं सारं हिंडलगं तुला वळखतंय, भरम्या.”

“पाठीवर न्हवं, आक्का. शेपटाला धरून आलतो. उगंच खोटं कशाला बोला?”

सुलाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. ती यल्लाप्पाची थोरली बहीण. भाऊ गेला तशी भावजयीच्या सोबतीला येऊन राहिली होती. भावजय म्हणजे तानुबाई, उंबऱ्याशी सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ती हसली नाही. तिनं वरही बघितलं नाही. यल्लाप्पाला जाऊन महिना व्हायचा होता. त्या घरात तेव्हापासून कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, आणि हळू बोलायची विद्या भरमूला कुणी शिकवलीच नव्हती.

उद्यमबागेत पंपाचे भाग ओतणारा एक कारखाना होता, त्याच्या हपिसात भरमू शिपाई, आणि यल्लाप्पा स्टोअरचा कारकून. त्याच्या थापा बेळगावच्या कॅम्पापासून निपाणीच्या तंबाखूबाजारापर्यंत पायी चालत जायच्या. त्याच्या म्हशीनं एकदा वखारीतला तंबाखू खाल्ला आणि पुढं आठवडाभर ती शिंकत शिंकत दूध देत होती, ही त्यातली अगदी बाळबोध. खरं बोलायची पाळी त्याच्यावर क्वचितच यायची. आली की माणसं आधीच हसून मोकळी व्हायची. एरवी त्याला त्याचं काही वाटत नसे. पण ह्या खेपेला ते त्याच्या अंगाशी आलं होतं.

झालं होतं ते एवढंच. त्या दिवशी सकाळी पेंड आणायची राहिली म्हणून नवराबायकोचं वाजलं. यल्लाप्पानं डबा फळीवरच ठेवला आणि सायकलवर टांग टाकली. तानुबाईनं रागाच्या भरात डब्यातल्या भाकऱ्या म्हशीच्या घमेल्यात कुस्करल्या. दुपारी निरोप आला, यल्लाप्पा हपिसात खुर्चीतच गेला. दहाव्याला मार्कंडेय नदीच्या काठावर पिंडासमोर त्याच्या आवडीचं सगळं मांडलं. कावळे बाभळीवर येऊन बसले, माना वाकड्या करून खाली बघत राहिले, आणि एकही उतरला नाही. पोराबाळांचं बघू म्हणून झालं, बहिणीला अंतर देणार नाही म्हणून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतलं आणि माणसं मान खाली घालून घरी आली.

“उपाशी गेलं माणूस,” तानुबाई म्हणाली. तेव्हापासून ती तेवढंच म्हणत होती. आणि दिवसाकाठी चतकोर पोटात गेली तर गेली.

खरी गोष्ट अशी की यल्लाप्पा उपाशी गेला नव्हता. त्या दुपारी त्यानं भरमूच्या डब्यातली अर्धी भाकरी लसणाच्या चटणीशी खाल्ली होती आणि वर बोटं चाटली होती. भरमूनं हे तिरडीपाशीच सांगितलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिखटमीठ न लावता काही सांगितलं. “भरमू सांगालाय व्हय,” कुणीतरी मागून म्हणालं, आणि तानुबाईची नजर त्याच्या अंगावरून पलीकडच्या भिंतीवर गेली.

म्हणून तो आज आला होता. खऱ्याला कुणी दारात उभं करत नाही, तर आपलं जुनं थापेचं जनावर बाहेर काढावं, असा त्यानं सायकल मारता मारता विचार केला होता.

“हपिसात ते कॉम्प्युटर आलंय न्हवं का,” भरमूनं सुरुवात केली. “त्याला गार खोली. बाहेर वहाणा काढल्याबिगर आत पाय टाकायचा न्हाय. मी दारात स्टुलावर. ह्या खंडेनवमीला आम्ही त्याला नारळ फोडला, कुकू लावलं. सायेब वरडले, काचंला लावू नका म्हणून.”

“त्याला कानडी येतंय का मराठी?” सुलाबाईनं विचारलं.

“दोनी न्हाय. नुसतं विंग्रजी. सीमेचं भांडण त्यानं उंबऱ्यातच मिटवलं.”

सुलाबाई ओठांतल्या ओठांत हसली. भरमू जरा पुढं सरकला.

“आता त्याची रीत ऐका. परत्येकाचं नाव त्या मशीनच्या पोटात हाय. सकाळी जाऊन बसायचं, नाव सांगायचं, आपला गुपित शब्द सांगायचा. मग ते दार उघडतंय. आणि उठताना ‘जातो’ म्हणून सांगून उठायचं. न सांगता उठलं तर त्याला वाटतंय, गडी अजून बसलाय. त्याला डोळं न्हाईत, वैनी. कोण आलं, कोण गेलं, त्याला आपण सांगायचं तवा कळतंय.”

तानुबाईचा अंगठा शेंगेवर थांबला.

“यल्लाप्पा ‘जातो’ म्हणालाच न्हाय,” भरमू म्हणाला.

अंगणात ऊन रणरणत होतं. पलीकडं हिंडलग्याच्या जेलच्या भिंतीवर पहाऱ्याचा शिपाई उभा होता, तोसुद्धा हलत नव्हता.

“जेवणाची सुट्टी झाली. यल्लाप्पा जाग्यावर जाऊन बसला. पाठ माझ्याकडं. मी दारातनं बघालोय, पडद्यावर हिरव्या रेघा नुसत्या वर वर सरकालाईत. एक अक्षर न्हाय. रिकाम्या ओळी, एकामागनं एक, विहिरीतनं रिकामी बादली वडावी तशा. मी म्हटलं, काय रं यल्लाप्पा, मशीनला काय झाडून काढालास का काय? तर बोलंना. बोट एका बटणावर दाबलेलं तसंच व्हतं.” भरमूचा आवाज त्याच्या नकळत बसला. “मी हसलो, वैनी. मला वाटलं डुलकी लागली.”

सुलाबाई उंबऱ्याशी खाली बसली.

“त्याला उचलून नेलं. वहाणा माझ्या दारात राहिल्या. सांजंला सगळ्यांनी आपापल्या घातल्या, तेवढा एक जोड राहिला. मी स्टुलाखाली सरकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी धर्मराजनं मला आत बोलावलं. धर्मराज म्हंजे मशीन बघणारा, निपाणीचा. आईनं तंबाखूच्या वखारीत राबून शिकिवलेला. त्यानंच यल्लाप्पाला बोट धरून ते शिकिवलं व्हतं. त्यानं एक बटण दाबलं. आता कोण कोण बसलंय ते पडद्यावर येतंय. त्यात यल्लाप्पाचं नाव. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाला, आण्णा, तेच्या लेखी यल्लाप्पा अजून बसलाय.”

“अगं बाई!” सुलाबाईनं पदर तोंडाशी नेला.

“रोज बघायचो आम्ही दोघं. हपीस सुटायचं, एकेक नाव जायचं. मागं यल्लाप्पा तेवढा. मशीनला काय सांगणार? कोण सांगणार? नाव काढायला धर्मराजचा हात हुईना. शेवटाला सायबाचा हुकूम आला. गेलेल्या माणसाचं नाव उघडं ठेवायचं न्हाय, आजच्या आज काढायचं. धर्मराज माझ्याकडं आला. म्हणाला, आण्णा, आम्ही बुद्धाची माणसं, कावळा-बिवळा आम्हाला म्हायती न्हाय. पण तुम्ही जरा माझ्याजवळ येऊन बसा.”

इथवर भरमूनं पदरचा एक शब्द घातला नव्हता. पुढं घडलं तेही त्याला लख्ख आठवत होतं. धर्मराजनं चार बटणं दाबली, पडद्यानं एकदा विचारलं, त्यानं हो म्हटलं, आणि यल्लाप्पाचं नाव गेलं. दिव्यावर फुंकर मारायलासुद्धा ह्याहून जास्त वेळ लागतो. ते गेलं म्हणून काही आवाज झाला नाही, जागा रिकामी दिसली नाही, खालची नावं सरकून वर आली एवढंच. धर्मराज उठून बाहेर गेला आणि नळाखाली हात धरून किती तरी वेळ उभा राहिला.

पण हे सांगून तानुबाईच्या पोटात घास जाणार नव्हता. पायरी उतरावी तितक्या सहज भरमू खऱ्यातून खाली उतरला.

“धर्मराजनं नाव काढायला बटण दाबलं,” तो म्हणाला, “तर मशीन न्हाय म्हणालं.”

“न्हाय म्हंजे?”

“ह्यो माणूस कामात हाय, म्हणालं. उठल्याबिगर नाव काढता येणार न्हाय. धर्मराजनं परत दाबलं. परत न्हाय. भर दुपारची वेळ, आक्का, खिडकीत ऊन. आणि खोलीतला गारवा असा वाढला की माझ्या तोंडातनं वाफ निघाली. मी यल्लाप्पाच्या खुर्चीकडं बघितलं. रेक्झिनची गादी. ती हळूहळू खाली गेली. माणूस बसल्यावर दबती तशी.”

“भरम्या, गप रं,” सुलाबाई म्हणाली, पण उठली मात्र नाही. उलट सरकून तानुबाईच्या अंगाला लागून बसली.

“मी दारात आलो. स्टुलाखालचा जोड बाहेर आलेला. दाराला लावून ठेवलेला, जसा तो ठेवायचा तसा. त्यावर लाल माती. ओली. उद्यमबागेत कुठली आली ओली माती? ती नदीकाठची.”

हे बोलताना भरमूच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. गव्याच्या गोष्टीत असं कधी झालं नव्हतं. एकदा त्यानं चोरून मागं, अंगणाकडं बघून घेतलं.

“मग मला उमगलं. कावळा न्हाय शिवला तवा आपण काय करतो? इच्छा इचारतो. मी हात जोडून मशीनपुढं हुभा राहिलो. म्हटलं, यल्लाप्पा, पोरांची काळजी करू नगंस. धर्मराजनं बटण दाबलं. न्हाय. म्हटलं, स्टोअरच्या चाव्या सायबाला पोचल्या. न्हाय. म्हटलं, सुलाआक्काला आम्ही अंतर देणार न्हाय.”

“माझं नाव काढलंस?” सुलाबाईचे डोळे भरून आले.

“काढलं. तरी न्हाय. मग मी म्हटलं, मर्दा, तानूवैनीचा जीव तुझ्यात आडाकलाय. तिला वाटालंय तू उपाशी गेलास. ती जेवंना झालीया. तिला काय सांगू, ते तरी सांग.” भरमू थांबला. थांबायचं कुठं, हे त्याला नेमकं कळत होतं. “आणि वैनी, बटणं हालाय लागली. कोण न्हाय तिथं. टक्, टक्. धर्मराज माझ्या मागं, मी धर्मराजच्या मागं. मंद मंद, यल्लाप्पा दाबायचा तशी. एका बोटानं.”

तानुबाईनं सूप खाली ठेवलं. महिन्यात पहिल्यांदा तिनं भरमूच्या तोंडाकडं नीट बघितलं.

“काय लिवलं?”

भरमूनं हे रस्त्यात घोळवून ठेवलं होतं. तरी ते ओठावर येताना त्याला जड गेलं.

“अक्षरं विंग्रजी, बोली आपली. धर्मराजनं वाचून दाखिवलं. ‘तानू, माझं पोट भरलंय. मी भरमूची भाकरी खाल्लीया. तानू, तू जेव.’ एवढं आलं, आणि खुर्चीची गादी वर आली. धर्मराजनं बटण दाबलं. नाव गेलं. सरळ गेलं, वैनी. कुठं आडलं न्हाय.”

सुलाबाईनं उद्यमबागेच्या दिशेला हात जोडले. गव्याला, म्हशीला आणि साऱ्या गावाला हसलेली ती बाई हुंदके देत म्हणाली, “सुटला गं माझा भाऊ. सुटला.”

भरमूनं सुस्कारा सोडला. जमलं, असं त्याला वाटलं. आता वैनी उठतील, आत जाऊन ताट वाढून घेतील, आणि ही थाप आपण मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. त्यानं मनात तशी आण घेतली.

तानुबाई उठली नाही. रडलीही नाही. मांडीवरची टरफलं तिनं एकेक करून उचलली, मुठीत धरली. बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. पोराला समजावावं तसं ती बोलली.

“खोटं हाय, भावजी.”

“न्हाय वैनी, धर्मराजला इचारा...”

“कुणाला इचारू?” तानुबाई म्हणाली. “तेंनी मला जल्मात नावानं हाक मारली न्हाय. लगीन होऊन आले तवापासनं एकदा न्हाय. नुसतं ‘अगं’ म्हणायचे. ते बी सायकल दारात टेकवायच्या आधी, त्या वळणावरनंच.”