चाकातल्या चुंबकाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. चुंबक होतो, असं म्हणणं जास्त खरं. पण म्हणायची सवय जात नाही. बोटाएवढा, चपटा, अंगावर निकेलचा मुलामा. दिसायला अजून नवाकोरा, पण आता साधी टाचणीसुद्धा मला जुमानत नाही.

माझ्या अंगात निओडिमियम नावाचा धातू आहे. तो आणि त्याची सोळा भावंडं मिळून जे कुटुंब होतं, त्याला ‘दुर्मीळ मृदा’ म्हणतात. नावावर जाऊ नका. आम्ही पुष्कळ आहोत, पण मातीत चिमूट चिमूट विखुरलेले. त्यातून भावंडं एकमेकांना इतकी धरून असतात, की त्यांना वेगळं करायला आम्लाच्या शेकडो टाक्यांतून फिरवावं लागतं. माझ्या वेळचं ते पाणी ज्या ओढ्यात सोडलं, तिथे पुढे मासे दिसले नाहीत. माझा जन्म असा दुसऱ्याच्या जिवावर झाला, हे आधीच सांगून टाकतो.

निओडिमियम एकटं फारसं काही ओढत नाही. त्यात लोखंड आणि बोरॉन मिसळतात, भुकटी करून दाबतात, भट्टीत भाजतात आणि अगदी शेवटी विजेचा एक तडाखा देऊन ओढ भरतात. मग मात्र आमच्यासारखा जोर कोणात नाही. माझे सोबती पवनचक्क्यांत गेले, विजेच्या गाड्यांत गेले, संगणकात आणि कानात घालायच्या इअरफोनमध्येही गेले. काही निओडिमियम काचेत विरघळून जांभळसर झालं आणि काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या चष्म्यात बसलं. गुण सांगितले, आता अवगुणही ऐका. आम्ही ठिसूळ असतो, मुलामा उडाला की गंजतो, आणि ऊन सोसतो पण भट्टी सोसत नाही. एकदा ओढ भरली की ऐंशी अंशांच्या पुढे आमचं काही खरं नाही. डिस्प्रोशियम नावाचं आमचंच एक महागडं भावंड चिमूटभर मिसळलं, तर जास्त सोसता येतं. पण माझ्यासारख्यासाठी एवढा खर्च कोण करतो!

मला आणि आणखी पंचेचाळीस चुंबकांना एका लोखंडी कड्यात चिकटवलं. कड्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी. झाली मोटर तयार. ती एका चाकात बसवली. हे चाक चाकखुर्चीच्या पुढे जोडलं की खुर्ची आपोआप चालते.

ती खुर्ची ताईची होती. ताईचे पाय लहानपणीच गेलेले, पण हात असे की बघत राहावं. ती कवळ्या बनवायची. मेण, साचा, गुलाबी हिरड्या आणि एकेक दात. कारखाना चढावाच्या टोकाला होता. सात वर्षं रोज सकाळी आम्ही तिला तो चढ चढवला. “माझा घोडा कधी दमत नाही,” असं ती दारावरच्या रखवालदाराला सांगायची. आम्हाला फार बरं वाटायचं. दुसऱ्याच्या दातांसाठी झिजणारी ती, आणि तिच्यासाठी फिरणारे आम्ही.

एके दिवशी रस्ता धुणाऱ्या टँकरचं पाणी चाकात शिरलं आणि तांब्याची दोन वेटोळी जळाली. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, कारण ताईचा धाकटा भाऊ मोटर वाइंडिंगचंच काम करायचा. पंख्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत हजारो मोटरी त्याच्या हाताखालून गेलेल्या, फक्त त्यांत चुंबकाची एकही नव्हती. त्याच्या दुकानाचा एक नियम होता. तार भरली की वर वार्निश ओतायचं आणि मोटर सहा तास भट्टीत ठेवायची. भट्टीतून निघाल्याशिवाय कुठलीही मोटर गिऱ्हाइकाला द्यायची नाही. वडिलांनी घालून दिलेला नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नव्हता.

त्याने वेटोळी नवी भरली. मग त्याची नजर आमच्यावर गेली. पाण्यामुळे आमच्या कडांना गंजाचे ठिपके आले होते. दुसऱ्या कोणाची मोटर असती तर त्याने कडं पुसून बाजूला ठेवलं असतं. ही ताईची होती. त्याने ब्रश घेतला, एकेका चुंबकाला मायेने वार्निश लावलं आणि आम्हालाही भट्टीत ठेवलं. एकशे तीस अंश, पूर्ण सहा तास.

मित्रांनो, दुखलं नाही. नुसतं विसरायला झालं. आतले कण एका दिशेला तोंड करून बसलेले असतात, ते हळूहळू वाटेल तिकडे वळले. आम्ही बाहेर आलो तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चमकत होतो.

चाक जोडून त्याने ते हवेत फिरवून पाहिलं, तर ते आधीपेक्षाही जोरात फिरलं. ताईने टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, “बघ, घोडा नाही, आता वारा झालाय!” मला ओरडून सांगावंसं वाटलं. दुबळ्या चुंबकांची मोटर रिकामी असताना जास्तच पळते, ओझं आलं की कळतं. पण मी बोलणार कसा? लोखंड ओढणं एवढीच माझी भाषा, आणि तीच संपली होती.

दुसऱ्या दिवशी चढावर चाक गुरगुरलं, तापलं आणि थांबलं. खुर्ची मागे घसरत आली आणि भिंतीला आपटली. ताईचं मनगट मोडलं, तेही उजवं.

भावाने चाक पुन्हा उघडलं. पहिल्या वेळी कड्यातून आतला भाग ओढून काढताना त्याला घाम फुटला होता, बोटं चिमटली होती. या वेळी तो अलगद हातात आला. त्याला वाटलं, सरावाचा हात आहे. तांब्यातच दोष असणार म्हणून त्याने सगळी तार पुन्हा भरली आणि नियमाप्रमाणे सगळं पुन्हा भाजलं. उरलंसुरलंही गेलं.

चाक आता सपाट रस्त्यावरही अडखळू लागलं. तिसऱ्यांदा उघडलं, तेव्हा त्याच्या हातून एक नट कड्यावर पडला. तो चिकटला नाही. घरंगळत खाली गेला. भाऊ त्या नटाकडे बघत राहिला. मग त्याने तो उचलून माझ्यावर ठेवला, शेजारच्यावर ठेवला, सेहेचाळीस जणांवर ठेवून पाहिला. नंतर स्टुलावर बसला आणि वार्निशच्या ब्रशकडे बघून रडला.

आमच्यात पुन्हा ओढ भरता येते, पण त्याचं यंत्र फक्त चाकांच्या कारखान्यात असतं, आणि त्या कारखान्याने ही चाकं बनवणं कधीच बंद केलं होतं. कवळ्यांच्या कारखान्यात ताईच्या जागी दुसरी बाई आली. ताईचं मनगट जुळलं, पण वाकडं. दात आता ओळीत बसत नव्हते.

एके संध्याकाळी तिने विचारलं, “खरं सांग, बिघडलं कशानं?”

तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “चुंबक हलके निघाले गं. कंपनीने फसवलं.”

“बरं झालं बाबा,” ताई म्हणाली. “तुझ्या हातून काही झालं असतं, तर तू जन्मभर स्वतःला खात बसला असतास.”

आमचं कडं त्याने बाकाखाली सरकवून दिलं. मी तिथेच आहे. वर रोज मोटरी येतात, भट्टी पेटते, आणि तो कोणतीही मोटर आत ठेवण्याआधी नट लावून बघतो. ताई मात्र अजून आलेल्यागेलेल्याला सांगते की चुंबक वाईट होते.

मित्रांनो, कोणाची काळजी घ्यायला जाल, तेव्हा त्याला काय सोसत नाही, ते आधी विचारा. आम्हाला कोणी विचारलं नाही. मी हलका नव्हतो. सात वर्षं मी तिला वर नेलं. हे तिला सांगू नका. भावाचं नाव निघेल. पण तुम्ही तरी लक्षात ठेवा.