कापूस धरणारी सुई

मित्रांनो, आमच्या सिस्टर पद्मजांच्या बहिणीचे लग्न संचारबंदीमुळे वाजंत्रीशिवाय, भर दुपारी उरकावे लागले, ते साल १९५६. त्या सालची ही गोष्ट.

मी एक जुनी सुई आहे. चार बोटे लांब, पोकळ, पोटात बारीक तार. परळच्या एका प्रसूतिगृहात अडलेल्या बायकांच्या पाठीत, दोन मणक्यांच्या मधे मला टोचत. माझ्यातून औषध आत गेले की कमरेखालच्या कळा थांबत. किंचाळणारी बाई गप्प होई आणि डॉक्टरांचे कौतुक होई.

माझी काळजी एकच माणूस घेई, वॉर्डातला कुशाबा. त्या काळी एकच सुई उकळून वर्षानुवर्षे वापरीत. हाडाला लागून माझे टोक वाकले की कुशाबा मला तेल लावलेल्या दगडावर घासे. मग कापसातून ओढून बघे. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा घासायला बसे. "बायांच्या पाठी आहेत, गोणपाट नाही," तो म्हणे.

जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात कुशाबाला पकडले. त्याचे काम कोणी घेतले नाही. सुई उकळली म्हणजे झाले, असे सगळ्यांनी धरले. तीन आठवड्यांत माझ्या टोकाला आकडा आला.

दोन फेब्रुवारीला बकुळा आली. मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होती. पहिलटकरीण. दीड दिवस कळा देऊनही मूल अडले होते. चिमटा लावून ओढायचे ठरले, म्हणून आधी मला काढले. बकुळाला टेबलावर पाठ वाकवून बसवले. सिस्टरने मला कापसाने पुसले.

बकुळाने मान वळवली. "सिस्टर, सुईनं कापूस धरलाय. टोक बघा तिचं."

"मान खाली घाल."

"मी दिवसभर सूतच बघते हो. आकडा आहे तिला. दुसरी घ्या."

"दुसरी तुझ्या सासूनं आणलीय का? एवढी शहाणी होतीस तर घरीच बाळंत व्हायचं."

डॉक्टर रघुवीर हसले. "इथं धागा तुटला तरी पगार कापत नाहीत. वाक पुढे."

मी कापसासकट आत गेले. पहिल्यांदा हाड लागले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा पोचले. कळा थांबल्या. मुलगी जिवंत निघाली. डॉक्टर चहाला गेले.

तिसऱ्या दिवशी बकुळाला उशीवरून डोके उचलवेना. ताप चढला. मान लाकडासारखी ताठली. "ती सुई," एवढेच ती म्हणे.

"नाटकं पुरे. पोरीला पाज," सिस्टर म्हणाल्या.

पुढे पुढे ती पोरीलाही ओळखीना.

मे महिन्यात कुशाबा सुटून आला. त्याने मला कापसातून ओढले, तर टोकाला कापसाचा पुंजका अडकून आला.

"सिस्टर, ही कुणाला टोचली?"

"रोज किती जणींना टोचतो, लक्षात कोण ठेवणार?"

माझ्या लक्षात होते. मला सांगता येत नव्हते. त्याने मला घासून सरळ केले आणि मी आणखी तीन वर्षे चालले. आता एका गंजक्या डब्यात पडून आहे.

मित्रांनो, हत्याराची निगा राखा. आणि टेबलावर वाकून बसलेली बाई काही सांगत असेल, तर हात थांबवून एकदा टोक बघा. तेवढा वेळ त्या दिवशी सगळ्यांकडे होता.

बकुळा ११ फेब्रुवारी १९५६ रोजी सकाळी वारली. ती एकोणीस वर्षांची होती. मुलीचे बारसे व्हायचे होते.