नावावरची काळी पट्टी

मी एक काळा मार्कर बोलतोय, जाड टोकाचा. माझ्या भाईबंदांनी फळ्यांवर गणितं मांडली, खोक्यांवर पत्ते घातले. मी मात्र जन्मात एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलेलं झाकायचं, एवढंच माझं काम. टेबलावरचा स्टेपलर मला 'तोंड काळं करणारा' म्हणतो. म्हणू दे बापडा.

विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधक बाईंचं हे टेबल. ज्यांच्या घरातल्या माणसानं स्वतःचं आयुष्य संपवलं, त्यांच्याशी बाई बोलतात. कुठं कुणाच्या लक्षात आलं असतं, काय केलं असतं तर तो थांबला असता, ते शोधतात. बोलणं रेकॉर्ड होतं, मग शब्द न् शब्द कागदावर उतरतो. कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही, हे वचन बाई आधीच देतात आणि व्रतासारखं पाळतात. त्यासाठीच मला आणलंय.

एका दुपारी शिवणकाम करणारी एक आई आली. उतरवलेलं बोलणं बरोबर आहे ना, हे सांगणाऱ्याला दाखवायची रीत आहे. तिचा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिनंच सांगितलं होतं, तो शीळ घालत जिना चढायचा. शेवटच्या महिन्यात शीळ थांबली, ते मशीनच्या आवाजात तिला कळलंच नाही.

चष्मा पुसून ती वाचत होती. माझ्या प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून विचारायची, "इथं तोच ना?" बाई मान हलवायच्या.

"एवढी शिकलीस गं, आणि माझ्या लेकाचं नाव लिहायची चोरी? एका ठिकाणी तरी राहू दे. घरात आता कुणी त्याचं नाव काढत नाही."

बाईंनी समजावलं. सुनेनंही मुलाखत दिलीय, तिलाही हेच वचन आहे. नातू शाळेत जातो, लोकांची तोंडं कोण धरणार? हवं तर दुसरं नाव सुचवा, सगळीकडे तेच घालू.

"नाव मी एकदाच ठेवलं," ती म्हणाली. "आता दुसरं कुठून आणू?"

नवं नाव लिहायला उघडलेलं पेन बाईंनी मिटवलं. आणि माझ्याकडे तरी झाकणापलीकडे काय असणार?

मग कापड पारखावं तसं तिनं ते पान खिडकीच्या उजेडात धरलं. माझी शाई पातळ झाली होती. पट्टीआडून तीन अक्षरं दिसली.

"दिसतोय," ती पुटपुटली.

मी माझ्या नेमाला चुकलो होतो, आणि देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं.

बाईंनी मला उचललं खरं, पण त्यांचा हात पुढे सरकेना. तेव्हा त्या माउलीनंच मला त्यांच्या बोटांतून काढून घेतलं. "नातवाला कुणी टोचून बोलायला नको," म्हणाली, आणि टीप घालावी तशी, सावकाश, त्या तीन अक्षरांवर माझ्या शाईचा दुसरा हात फिरवला. मी नाही कसं म्हणणार? जिकडे ओढतील तिकडे जायचं.

आता मी सुकलोय. खणात पडून असतो. बाई मला टाकून देत नाहीत. माझं एवढंच मागणं आहे. अशा कागदावर काळी पट्टी दिसली तर भरकन पुढे जाऊ नका, तिथं कुणाचा तरी लेक आहे. आणि तुमच्या घरात कुणाची शीळ थांबली असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा. त्याला नावानं हाक मारा. अजून ओ येते आहे तोवर.